माहेरची रजा

मराठींत ‘रजा’ हा शब्द अरबींतून फारसीच्या वाटेनें आला आणि येतांना त्यानें आपला मूळ अर्थ बरोबर आणला. हा अर्थ म्हणजे संमति, खुशी, परवानगी. कचेरींतला कारकून रजेचा अर्ज लिहितो तेव्हां त्याच्या मनांत विश्रांति असते. शब्दाच्या मनांत मात्र अजून परवानगीच आहे. ‘सुट्टी’ची गोष्ट निराळी. तिच्यांत सुटण्याचा आनंद आहे, कोणाला विचारावयाचें याचा विचार नाहीं. ज्या रजेचा इतिहास आम्ही येथें थोडाफार सांगूं इच्छितों ती पहिल्या प्रकारची. लहान मुलांच्या आईला वर्षांतून एकदां, फार झालें तर दोनदां मिळणारी ही रजा मागे तिचा भाऊ, आणि देई तिची सासू. जी ती भोगावयाची तिला त्या बोलण्यांत जागा नसे. ती दाराआड उभी राहून ऐके.

खानदेशाचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. फारुकी सुलतान, १६०१ सालीं अकबरानें घेतलेला असीरगड, १८१८ नंतरचा कंपनीचा अंमल, १८२५ मध्यें औट्रमनें उभारलेली भिल्लांची पलटण, १९०६ मध्यें जिल्ह्याची झालेली पूर्व-पश्चिम अशी वांटणी, हें सर्व आम्ही तीस वर्षें वर्गांत शिकवीत आणि परीक्षेंत विचारीत आलों आहों. परंतु ज्या घरांतून आमचे विद्यार्थी येतात त्या घरांत चार लेंकरें कोण सांभाळी, आणि सांभाळणारीची पाठ वर्षांतून केव्हां जमिनीला लागे, हा प्रश्न आमच्या प्रश्नपत्रिकेंत कधीं आला नाहीं. साधनें नाहींत, असें आम्ही स्वतःची समजूत घालण्यासाठीं म्हणत असूं. तें खरें नव्हे. साधनें आहेत, पण तीं दप्तरखान्यांत ठेवलेलीं नाहींत. तीं जात्यापाशीं आणि झोक्यावर आहेत. त्यांतलें सर्वांत मोठें साधन जळगांवापासून दोनएक कोसांवरच्या असोदा गांवीं १८८० सालीं जन्मास आलें.

उखाजी महाजन व भिमाई यांची ही मुलगी वयाच्या तेराव्या वर्षीं, म्हणजे १८९३ च्या सुमारास, जळगांवच्या नथूजी चौधरी यांच्या घरीं दिली गेली. काशी, ओंकार आणि सोपान हीं तीन मुलें. तिशीच्या सुमारास वैधव्य आलें; प्लेगच्या सांथींत ओंकारास कायमचें अपंगत्व आलें. लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत आणि घरांत काम करतां करतां त्यांनीं जें रचिलें त्यांतलें कांहीं सोपानदेव आणि घरचीं माणसें यांनीं टिपून ठेविलें. ३ डिसेंबर १९५१ रोजीं बहिणाबाई वारल्या आणि पुढच्याच वर्षीं आचार्य अत्रे यांच्या आग्रहानें त्यांचीं गाणीं छापून निघालीं. पुढें विद्यापीठास त्यांचें नांव मिळालें, हें वाचकांस ठाऊक आहेच. आमच्या विषयाशीं संबंध आहे तो एवढाच कीं, या बाईचें माहेर आणि सासर यांमध्यें अंतर अवघें दोन कोसांचें होतें, आणि तरीहि माहेर हा तिच्या गाण्यांतला एक मोठा विषय आहे. बैलगाडीनें जें अंतर न्याहारीपासून जेवणापर्यंत तोडतां येई, त्याला ओलांडावयास वर्ष लागे. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें अंतरें मोजावयाची तीं कोसांनीं कीं परवानगीनें, असा प्रश्न आम्हांस या ठिकाणीं पडतो.

परवानगीचें शास्त्र किती वाढलें होतें हें पाहावयाचें असल्यास भोंडल्याच्या किंवा आमच्याकडील गुलाबाईच्या गाण्यांकडे जावें. त्यांतला एक प्रकार सर्व महाराष्ट्रास परिचित आहे. सून माहेरीं जाण्याची परवानगी मागते; सासू सांगते, कारल्याचा वेल लाव. वेल लागतो, तर फुलें येऊं देत. फुलें येतात, तर फळें धरूं देत. मग भाजी, मग जेवण, मग उष्टीं-खरकटीं, आणि शेवटीं, आपल्या सासऱ्याला विचार. लहान मुली हीं गाणीं टाळ्या वाजवीत म्हणतात आणि खिरापत ओळखण्याच्या नादांत असतात. आम्ही सरकारी कॉलेजांतून रजेचे अर्ज केलेले आहेत. वेल फुलेपर्यंत थांबण्याचा अनुभव आम्हांस आहे. पण आमच्या अर्जावर शेवटीं कोणाची तरी सही होत असे.

तरीहि रजा मिळे, आणि ती मिळण्याचा खानदेशांतला मोठा दिवस म्हणजे वैशाख शुद्ध तृतीया, आमची अखाजी. इतर महाराष्ट्रांत अक्षय्यतृतीया हा दानाचा आणि मुहूर्ताचा दिवस. इकडे ती दिवाळीच्या तोलाची. हा दिवस धर्मशास्त्रानें ठरविला असेल, पण त्याला मोठेपण दिलें तें शेतीनें. कपाशीची वेंचणी संपलेली, रब्बीचें धान्य घरांत आलेलें, आणि मृगाला अजून महिनाभर अवकाश. जमीन तापून फुटलेली असते. तिच्यांत हात घालावयास कांहीं नसतें. सालदाराचें सालहि याच दिवशीं सरतें आणि नवें ठरतें. वर्षभर राबणारा गडी आपला हिशेब करून घेतो, तो अखाजीला. तेव्हां त्याच वेळीं सुनेलाहि सोडावें, यांत एक प्रकारचा व्यवहार होता. सालदाराला धान्य आणि रोकड मिळे. सुनेला मुराळी मिळे.

मुराळी म्हणजे न्यावयास येणारा, बहुधा धाकटा भाऊ. तो गाडी जुंपून येई, ओसरीवर बसे, पाणी पिई, पीकपाण्याचें बोले, आणि ज्या कामासाठीं आला तें सर्वांत शेवटीं काढी. संध्याकाळपर्यंत उत्तर मिळालें तर नशीब. मग गाडींत गोधडी टाकून, वर एक मूल मांडीवर, एक पाठीशीं, एक पोटांत, अशी ती निघे. असोद्यासारख्या गांवांत चैत्रापासून गौराई बसलेली असे, निंबाच्या फांद्यांना झोके बांधलेले असत. घागर भरून पितरांस दिलेली, खापरावरचे मांडे, आमरस, आणि ओट्यावर पुरुषांचे पत्त्यांचे डाव. दुपार टळली म्हणजे साऱ्या गांवच्या लेकी झोक्यांवर. सासरीं जिचें नांवहि कोणी घेत नसे तिला येथें सारी आळी लहानपणच्या नांवानें हांक मारी.

आतां येथें एका गोड समजुतीस आम्हांस फाटा द्यावा लागेल. माहेरीं आईला मुलांपासून विश्रांति मिळे, असें आपण समजतों. मुलें तर बरोबरच असत. आंगावर पिणारें तर रात्रींहि सोडीत नसे. कामहि सुटत नसे. पाणी शेंदावें लागे, दळावें लागे, आईच्या हाताला हात लावावा लागे. मग सुटे काय? आमच्या मतें सुटे ती नजर. सासरीं मूल रडलें तर तें तिचें रडे, म्हणजे तिचा दोष होई. येथें रडलें तर तें नुसतें मूल रडे. कोणी मावशी उचली, कोणी मामा खांद्यावर घेऊन मळ्यांत नेई, आणि दोन-चार घटका कोणाचें मूल कोणाच्या कडेवर आहे याचा पत्ता नसे. मुलें कमी होत नसत, हात वाढत. एका जोडीचीं कामें आठ-दहा जोड्यांत वांटलीं जात. ही वांटणी आजच्या कोणत्याहि पाळणाघरापेक्षां स्वस्त होती, असें म्हणण्याचा मोह होतो. ती स्वस्त होती कीं नाहीं, हें पुढें पाहूं.

इरावतीबाई कर्वे यांनीं १९५३ सालच्या आपल्या आप्तसंबंधांवरील इंग्रजी ग्रंथांत उत्तरेची आणि दक्षिणेची विवाहाची रीत शेजारीं शेजारीं ठेविली आहे. उत्तरेंत मुलगी दूर, अनोळखी कुळांत द्यावयाची. दक्षिणेंत जवळ, पुष्कळदां नात्यांतच. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर आहे. येथें मामाची मुलगी करण्याची चाल आहे, आणि परक्या घरीं देण्याचीहि आहे. असोद्याची मुलगी जळगांवीं, जळगांवची भादलीस, भादलीची तापीपलीकडे, असें हें जाळें पसरलेलें असे. जाळें दाट असल्यामुळेंच मुराळ्याची गाडी दिवसाउजेडीं पोहोंचे. ज्या प्रांतांत माहेर आठ दिवसांच्या वाटेवर, तेथें अखाजीला एवढें थोरपण कोठून येणार, असें आम्हांस वाटतें.

आतां स्वस्ताईचा प्रश्न. एका घराला तीन नांवें असतात. आलेल्या लेकीचें तें माहेर, तिच्या मुलांचें तें आजोळ, आणि त्याच चुलीपुढें बसलेल्या तिच्या भावजयीचें तें सासर. पहिल्या दोन नांवांवर मराठींत इतकीं गाणीं आहेत कीं तिसरें नांव त्यांत ऐकूंच येत नाहीं. आलें तर नणंदेच्या तक्रारींत येतें. लेक झोक्यावर बसली त्या वेळीं दहा माणसांचा जादा स्वयंपाक कोणी केला? भावजयीनें, असें उत्तर सहज सुचतें. पण अखाजीला तिलाहि तिचा भाऊ न्यावयास येतो. ती आपल्या माहेरीं, तिची भावजय तिच्या माहेरीं. सारा प्रांत एका दिवशीं जागा बदलतो. मग प्रत्येक घरांत हलत नाहीं अशी कोण उरते? जिची आई आतां नाहीं, म्हणून जिला माहेर नाहीं, ती. म्हणजे घरची म्हातारी. साऱ्या प्रांताच्या सुनांची रजा सासवांच्या बिनरजेवर उभी होती. आणि जिला आपण रजा अडविणारी म्हणून गाण्यांत झोडपतों, तीच स्वतःच्या लेकीसाठीं त्या दिवशीं चूल फुंकीत असे.

हें आम्हांस ग्रंथ चाळून उमगलें असें सांगितलें तर तें खोटें होईल. बहिणाबाईंनीं तें आधींच सांगून ठेविलें आहे. त्यांच्या एका गाण्यांत कोणी योगी सासुरवाशिणीस विचारतो कीं, माहेराचे एवढे गोडवे गातेस तर सासरीं येतेस कशाला? तिचें उत्तर असें कीं, आपण येथें राहिलों तरच आपल्या लेकीला येण्यास घर राहील. हें गाणें मायेचें म्हणून गाइलें जातें, आणि आहेहि. पण आम्ही तें वाचतों तेव्हां आम्हांस त्यांत हिशेबाची एक वही दिसते. आईनें भोगलेली रजा लेकीला फेडावयाची, लेकीनें तिच्या लेकीला. मुद्दल कधीं फिटत नाहीं, आणि व्याज नेहमीं बाईच देते.

पुरुषांची रजा यांत कोठें बसते? त्यांस बाजार होता, जत्रा होती, तमाशा होता, वारी होती. आमच्याच जिल्ह्यांतून मुक्ताबाईची पालखी पंढरपुरास जाते, आणि तिच्यामागून चालणाऱ्यांत बायकाहि असतात. पण त्या पाहाव्या तों केंस पिकलेल्या. लेंकुरवाळी बाई वारीस निघाली असें क्वचित्. संतांनीं पंढरीस माहेर म्हटलें तें उगाच नव्हे. ज्यांचें खरें माहेर संपलें होतें त्यांस तें नांव ऐकून चार पावलें अधिक टाकवत असतील.

नवराबायकोनें दोघांनींच, मुलें मागें ठेवून, केवळ एकमेकांच्या सोबतीसाठीं कोठें जावें, ही कल्पना मात्र आमच्याकडे फार उशिरां आली. महाबळेश्वर १८२८ च्या सुमारास मालकमनें वसविलें, माथेरान १८५० मध्यें ठाण्याच्या कलेक्टर मॅलेटनें शोधलें. पण तीं साहेबांची ठाणीं होतीं, आणि साहेबाचीं मुलें आयेच्या ताब्यांत असत किंवा विलायतेस धाडलेलीं असत. आमच्या सुशिक्षितांनीं पुढें ‘हवापालट’ हा शब्द उचलला. त्यांत बहुधा कोणाची तरी प्रकृति बिघडलेली असावी लागे. निरोगी माणसानें हवा कां पालटावी, याचें उत्तर घरच्या वडिलांपुढें देतां आलें नसतें. विलायतेंतहि हें सुख सर्वांस प्रथमपासून होतें असें नाहीं. कूकनें आपली पहिली सहल १८४१ सालीं काढली. फ्रान्सांतल्या मजुरास पगारी पंधरवडा मिळाला तो १९३६ मध्यें. आमच्याकडे कायद्यानें आईकडे पहिल्यानें पाहिलें तें मुंबई इलाख्यांत १९२९ सालीं, गिरणींतल्या बाळंतिणींसाठीं. मग १९६१ चा देशभराचा कायदा. २०१७ च्या दुरुस्तीनें पहिल्या दोन मुलांसाठीं बारा आठवड्यांचे सव्वीस झाले, आणि पन्नास माणसांच्या कारखान्यास पाळणाघर सक्तीचें झालें. हे सर्व कायदे उत्तम आहेत. पण ते मूल होण्याची रजा देतात. मूल झाल्यावर जी लागते तिची सोय पूर्वी मुराळी करी, आणि कपाशी वेंचणारणीला ना हा कायदा लागतो ना तो.

अलीकडे मात्र गाडी उलट दिशेला धांवूं लागली आहे. पूर्वी आई मुलें घेऊन आजोळीं जाई. आतां मुलें आजोळीं सोडून आई-बाप पुढें जातात. यांत आम्ही कोणास नांवें ठेवीत नाहीं, कारण आम्हीहि तेंच केलें. आमच्या पत्नींचें माहेर असोद्याचें. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीं आमचीं मुलें सहा आणि तीन वर्षांचीं असतां आम्हीं दोघांनीं तोरणमाळास जावयाचें ठरविलें. घरांत त्या दिवसांत दोघांचें बोलणें म्हणजे दूध, औषध, शाळेची फी आणि कोणाची पाळी, एवढेंच उरलें होतें. एखाद्या कारखान्याच्या दोन पाळ्यांतल्या मुकादमांप्रमाणें आम्ही एकमेकांस हजेरी देत असूं. मुलें असोद्यास ठेविलीं, आणि धुळें, शहादें करीत सातपुड्यावर चढलों. यशवंत तलावाच्या कांठीं पहिल्या संध्याकाळीं आमच्या ध्यानांत आलें कीं, आम्हांस मुलांखेरीज दुसरा विषय नाहीं. दुसऱ्या दिवशीं दुपारीं मात्र एकाएकीं सुचला, आणि तो रात्रीं उशिरांपर्यंत पुरला. त्या एका दिवसासाठीं आम्ही अजून तोरणमाळचे ऋणी आहों.

तिसऱ्या दिवशीं परत आलों तेव्हां धाकट्याच्या कपाळावर पाण्याची पट्टी होती. पहिल्याच रात्रीं त्यास ताप भरला होता. सासूबाईंनीं कळविलें नाहीं. कळविलें असतें तर आम्ही परत आलों असतों, आणि न कळविण्याचें कारणहि तेंच. दोन रात्री त्या बसून होत्या. त्यांनीं आमच्यापुढें असोद्याच्या वांग्यांचें भरीत आणि कळण्याची भाकर ठेविली, आणि तिकडे थंडी कशी होती म्हणून विचारिलें. जेवतां जेवतां आमच्या पत्नींनीं सहज विचारिलें, कीं तूं तुझ्या माहेरीं शेवटची केव्हां गेली होतीस? सासूबाईंनीं वर्ष सांगितलें नाहीं. कोणतें मूल तेव्हां पाळण्यांत होतें तें सांगितलें. तें मूल म्हणजे आमच्या पत्नींचे धाकटे बंधु, ज्यांचे केंस त्या वेळीं विरळ झाले होते. “माय गेली, मंग कोनाकडे जावं?” एवढें बोलून त्या ताटें उचलावयास लागल्या.

तो घास आम्हांस कांहीं दिवस गिळवला नाहीं. पुढच्या अखाजीला आमच्या पत्नींनीं बहिणींस विचारून असा बेत केला कीं, यंदा लेकींनीं माहेरीं यावयाचें नाहीं; आईला तिच्या माहेरीं न्यावयाचें. सासूबाई तयार होईनात. अखाजीला घर सोडून कसें जावें, हा त्यांचा प्रश्न. लेकी येणार नाहींत म्हटल्यावरहि सोमवारीं येतील, मंगळवारीं येतील, असें त्यांचें चालूं होतें. अखेर आम्हांसच मुराळी व्हावें लागलें. ओसरीवर बसून, पाणी पिऊन, केळीच्या भावाचें बोलून, शेवटीं आम्हीं विषय काढिला. जांवयाचा शब्द मोडवेना म्हणून त्या मोटारींत बसल्या.

तापी ओलांडून यावल तालुक्यांतल्या त्या गांवीं पोहोंचलों तों ऊन चढलें होतें. ओट्यावर पत्त्यांचा डाव रंगांत आलेला. सासूबाईंचा भाचा हातांतलीं पानें तशींच धरून उठला, आत्याच्या पायां पडला, आणि मग ओशाळून उभा राहिला. घरांत बाईमाणूस नव्हतें. त्याची बायको अखाजीला आपल्या माहेरीं गेली होती. आई दोन वर्षांपूर्वीं वारली होती. चूल थंड होती. सासूबाईंनीं आंत जाऊन घर पाहिलें, फळीवरचें खापर खालीं घेतलें, आणि पदर खोंचला. आमच्या पत्नींनीं तो सोडविला आणि त्यांना हाताला धरून मागच्या अंगणांत निंबाखालीं आणून झोक्यावर बसविलें. मांडीवर धाकटा.

पुरण जळगांवाहून डब्यांत आणलेलें होतें, एवढें बरें. आमच्याकडे आंबे पिळण्याचें काम आलें, आणि कोया किती पिळाव्या याचा अंदाज न आल्यानें रस कोपरांपर्यंत आला. भाच्यानें पानें टाकून सरपण फोडिलें. आमच्या पत्नींनीं मांडा हातावर वाढविला, पण खापरावर टाकतांना तो मधोमध फाटला, आणि त्यांनीं आंतून आईला हांक मारली. झोका चालूंच होता. सासूबाईंनीं मान वळविली, खापराकडे पाहिलें, आणि पायानें पुन्हां जमीन रेटली.

“फाटूं दे,” त्या म्हणाल्या.